२४ महिन्यांचा फोन करार, सोबत टॅबलेट मोफत: इंग्लंडमध्ये नव्यानं आलेल्यानं घ्यावा का?

कोवळंऊन

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात एमएससीसाठी लेस्टरला आले. सांगलीहून आणलेल्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही, त्यामुळे नवा घेणं भाग आहे. काल इथल्या एका मोबाइलच्या दुकानात चौकशी केली. तिथल्या मुलानं हे दाखवलं:

फोन नवाकोरा. आधी ३० पौंड भरायचे, मग महिन्याला ४६ पौंड, असे २४ महिने. त्यात ५० जीबी डेटा, कॉल आणि मेसेज हवे तितके. वर त्याच कंपनीचा टॅबलेट मोफत, ज्याची दुकानातली किंमत २४९ पौंड. तोच फोन कराराशिवाय नुसता घेतला तर ६४९ पौंड.

बाबांचं म्हणणं, परक्या देशात कशात अडकू नकोस. माझ्या घरातल्या दोघींनी असेच करार केलेत आणि त्या खूश आहेत. आपल्याकडे रिचार्ज मारला की विषय संपतो, त्यामुळे करार प्रकरणातलं मला काहीच कळत नाही. ऑफर रविवारपर्यंतच आहे असं तो म्हणाला. टॅबलेट मला खरंच हवा आहे, वाचायचं सगळं पीडीएफमध्ये असतं. जाणकारांनी सांगा.

हाउन्स्लोकर

रविवारची काळजी सोड. सोमवारी दुसऱ्या नावानं तशीच ऑफर लागते. आधी कागद-पेन घेऊन बस.

४६ गुणिले २४ म्हणजे ११०४. आधीचे ३० धरून ११३४ पौंड. आता दुसरी बाजू बघ. फोन नुसता घेतलास तर ६४९. तेवढ्याच डेटाचं नुसतं सिम, महिन्याच्या बोलीवर, १० पौंडांच्या आसपास मिळतं. त्याचे दोन वर्षांचे २४०. एकूण ८८९. फरक २४५ पौंडांचा आणि टॅबलेट २४९ चा. म्हणजे टॅबलेटची किंमत तू हप्त्याहप्त्यानं भरते आहेस, चार पौंड तेवढे वाचले.

पण हे इथेच थांबत नाही. करारात दरवर्षी एप्रिलमध्ये भाडं वाढवण्याचं कलम असतं. तो मुलगा त्याबद्दल काही बोलला का? पूर्वी ही वाढ महागाई दराला बांधलेली असायची, महागाईचा आकडा आणि वर ३.९ टक्के. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यामुळे काही मोठ्या नेटवर्कांची बिलं १४.४ टक्क्यांनी वाढली. ओटू या नेटवर्कची वाढ १७.३ टक्के होती, फोनचा हप्ता वगळून बाकीच्या भाड्यावर. सही करताना पुढच्या वर्षी महागाई किती असेल हे कुणाला ठाऊक असतं? म्हणून ऑफकॉमनं, म्हणजे इथल्या ट्रायसारख्या संस्थेनं, तो प्रकार बंद केला. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत वाढ किती पौंड किती पेन्स आणि कधीपासून, हे आधीच लिहून द्यावं लागतं. वाढ बंद झालेली नाही, आकडा उघड झाला आहे इतकंच.

दुकानात परत जा आणि कराराचा सारांश माग. एक-दोन पानांचा कागद असतो, सहीच्या आधी द्यावाच लागतो. तो घेऊन घरी ये, तिथे उभ्या उभ्या वाचू नकोस.

त्रिज्या

हाउन्स्लोकरांना अनुमोदन. फक्त एक भर: टॅबलेटची किंमत २४९ धरू नका. तोच टॅबलेट सेलमध्ये कितीला मिळतो आणि न उघडलेला खोका विकायला काढला तर किती येतात ते बघा. मी आत्ता पाहिलं, असे टॅबलेट १४०-१५० पर्यंत जातात. भेट म्हणून देतात त्या वस्तू बहुधा मागच्या वर्षीच्या मॉडेलच्या असतात.

कोवळंऊन

दादा, आज गेले होते. सारांश मागितल्यावर त्यानं लगेच छापून दिला, कुरकुर केली नाही. वाचून दोन गोष्टी कळल्या.

एक, दर एप्रिलला २ पौंड ५० पेन्स वाढ.

दुसरी जास्त खटकली. टॅबलेट ते दुकान देतच नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीच्या वेगळ्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. तोही फोन घेतल्यापासून १५ व्या ते ४५ व्या दिवसातच. पावतीचा फोटो, फोनचा आयएमईआय क्रमांक, खोक्यावरच्या बारकोडचा फोटो. पावतीवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. अर्ज मंजूर झाल्यापासून ४५ दिवसांत टॅबलेट घरी येणार, "साठा असेपर्यंत". काउंटरवरच्या पाटीवर फक्त टॅबलेटचं चित्र आणि खाली शून्य पौंड.

माझं नाव पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट आहे आणि दुकानदारानं कालच्या चौकशीत ते अर्धवट टाइप केलं होतं. हे अडेल का?

हाउन्स्लोकर

अडू शकतं. घेणार असशील तर पावतीवर नाव पूर्ण घालून घे.

वाढीचा हिशेब: ऑक्टोबरात घेतलास तर मार्चपर्यंत सहा बिलं ४६ ची. पुढची बारा ४८.५० ची, म्हणजे ३० पौंड जास्त. शेवटची सहा ५१ ची, आणखी ३०. एकूण ११९४. आता नुसता फोन आणि सिम यांच्याशी फरक ३०५ पौंड. २४९ चा टॅबलेट ३०५ ला, आणि त्रिज्या म्हणतात तसा १५० ला धरला तर दुप्पट किमतीला.

वाई_ते_वॉटफर्ड

या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिकत असताना मी शनिवार-रविवार अशाच एका दुकानात काम केलं आहे. २००८-०९ चा काळ. काउंटरच्या मागे, छताजवळच्या फळीवर एलसीडी टीव्ही, लॅपटॉप, निन्टेन्डो वी, एक्सबॉक्स असे गेम कन्सोल ओळीनं मांडलेले असायचे. फोन खाली काचेत. येणारा माणूस आधी वर बघायचा.

हा पैसा येतो कुठून ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ग्राहक जोडून दिला की नेटवर्क दुकानाला कमिशन देतं. करार जितका लांब आणि महिन्याचं भाडं जितकं जास्त, तितकं कमिशन मोठं. त्यातलाच एक तुकडा दुकानदार टीव्ही किंवा कॅशबॅकच्या रूपानं गिऱ्हाइकाला देतो. म्हणून भेटवस्तू नेहमी महागड्या, लांब कराराला चिकटलेली असते. स्वस्तातल्या छोट्या कराराला कधीही नाही. शंभर मिनिटं पुरणाऱ्या माणसाला सहाशे मिनिटांचा करार गळ्यात मारायला टीव्ही कामी यायचा.

आता पुढचं. गिऱ्हाइकानं मध्येच करार सोडला तर नेटवर्क कमिशन परत घेतं. त्यामुळे दुकानदाराला सगळी भेट पहिल्या दिवशी द्यायची नसते. त्यातूनच ते टप्प्याटप्प्याचे कॅशबॅक आले. ठरलेल्या महिन्यांचं बिल पाठवायचं, ते पोचलं तर त्या टप्प्याचे पैसे. आमच्याकडे नियम असा होता: मूळ बिल, झेरॉक्स चालणार नाही, सगळी पानं, बिलाच्या तारखेपासून ठरावीक दिवसांत पोस्टानं. एक टप्पा चुकला तर पुढचे सगळे रद्द.

एक बाई होत्या, शाळेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या. प्रत्येक बिल प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ठेवायच्या. त्यांचा दावा नामंजूर झाला, कारण बिलाचं दुसरं पान जोडलेलं नव्हतं. त्या दुसऱ्या पानावर काय होतं? वर पानाचा क्रमांक, खाली कंपनीचा नोंदणीकृत पत्ता, मध्ये सगळं कोरं. त्या पान घेऊन काउंटरशी आल्या आणि माझ्यासमोर धरलं. आमच्या मॅनेजरनं "हे आमच्या हातात नाही, मुख्य कार्यालय बघतं" असं सांगून परत पाठवलं. हे जाणूनबुजून केलेलं होतं. किती जण पान विसरतील, किती जण तारीख चुकवतील, याचा अंदाज धरूनच ऑफर आखली जायची. सगळ्यांनी सगळी बिलं वेळेवर पाठवली असती तर ते गणितच बसलं नसतं.

२००७ च्या सुमारास असे कॅशबॅक वाटणारे काही छोटे विक्रेते बुडालेसुद्धा. लोकांचा करार नेटवर्कशी, तो चालूच राहिला, महिन्याचं भाडं द्यावंच लागलं. पैसे परत देणारा मात्र गायब. तक्रारींचा ढीग झाल्यावर ऑफकॉमनं आधी ऐच्छिक आचारसंहिता आणली, ती पुरेना म्हणून २००९ मध्ये सक्तीचे नियम केले. कॅशबॅकच्या अटी अवाजवी जाचक नकोत आणि आपला माल विकणारा दुकानदार कसा आहे हे नेटवर्कनं तपासायचं. तेव्हापासून उघड लूट कमी झाली. पण तुझ्या टॅबलेटच्या अर्जातलं "१५ व्या ते ४५ व्या दिवसात" वाचलं आणि मला ती फाइल आठवली.

दीपस्तंभ

सगळेच एका सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही लीड्सला असताना मुलांसाठी गेम कन्सोल मिळणारा करार घेतला होता. कन्सोल आम्ही नाताळात घेणारच होतो, फोनही लागणारच होता. एकूण बेरीज केली तर दोन्ही सुटं घेण्यापेक्षा करार स्वस्त पडत होता. कन्सोल आठवड्यात घरी आला आणि मुलांनी तो झिजेपर्यंत वापरला.

वर कमिशनचं सांगितलं ते बरोबर आहे, पण त्याचा अर्थ असाही होतो की कधीकधी दुकानदार कमिशनचा मोठा वाटा खरंच सोडतो. नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेच्या आसपास नेटवर्कांना आकडे गाठायचे असतात. तेव्हा बेरीज खरोखर फोनच्या सुट्या किमतीच्या खाली आलेली मी पाहिली आहे.

आणि एक विसरू नका. नुकत्याच आलेल्या विद्यार्थिनीकडे ६४९ पौंड रोख असतात का? घरभाडं, अनामत, फी यांत सगळं गेलेलं असतं. महिन्याला थोडं थोडं देता येणं हीसुद्धा सोय आहे, आणि सोयीला किंमत असते.

हाउन्स्लोकर

दीपस्तंभजी, बेरीज करून घेतलात त्यामुळे तुमच्या करारावर माझा काही आक्षेप नाही. बेरीज खाली आली तर जरूर घ्यावा. शिवाय वस्तू आठवड्यात हातात आली, अर्जबिर्ज करावा लागला नाही, हे फार महत्त्वाचं.

सोयीच्या किमतीबद्दल मात्र आकडाच मांडतो. हिच्या करारात १० पौंड सिमचे धरले तर उरलेले सरासरी ३८.५० पौंड दर महिन्याला फोन आणि टॅबलेटपोटी जातात. टॅबलेट १५० ला धरा, फोन ६४९ ला, आधी भरलेले ३० वजा करा. ७६९ पौंडांचं कर्ज, २४ हप्ते ३८.५० चे. महिन्याला दीड टक्का व्याज पडतं, वर्षाला २० टक्क्यांच्या जवळ. फोन बनवणाऱ्या कंपन्या आणि मोठी दुकानं इथे बऱ्याचदा शून्य टक्के व्याजावर हप्ते देतात. क्रेडिटची नोंद, म्हणजे कर्ज-बिलं वेळेवर भरल्याचा इथला इतिहास, नाही म्हणून तिला ते मिळणार नाहीत, हे मान्य. पण मग हा करारही मिळेल की नाही सांगता येत नाही, कारण इथेही तीच तपासणी होते.

सातारकर_अण्णा

भारतातून लिहितो आहे, पण हा अनुभव आम्ही तुमच्या आधी घेतला आहे. १ जुलै २००३, रिलायन्स इन्फोकॉमची मान्सून हंगामा योजना. ५०१ रुपये भरा, रंगीत नव्हे पण चकचकीत नवा फोन घेऊन जा, बाकीचं महिन्याच्या बिलातून. साताऱ्यात स्टँडजवळच्या दुकानासमोर पावसात रांग होती, भाजीवाल्यांपासून मास्तरांपर्यंत. तोवर मोबाइल ही डॉक्टर आणि बिल्डरांची चीज होती. ती आमच्या हातात आली, याचं श्रेय त्या योजनेला द्यायलाच हवं.

मात्र तो सीडीएमए फोन. त्याला सिमकार्डच नव्हतं, नंबर यंत्राच्या आतच. कंपनी पटली नाही तर फोनही निरुपयोगी आणि नंबरही गेला. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे आली जानेवारी २०११ मध्ये. बिलं हाताबाहेर गेली, अनेकांनी ती भरलीच नाहीत, वसुलीची माणसं दारात आली.

मग २०१७ चा जिओफोन. दीड हजार अनामत, तीन वर्षांनी परत, म्हणून फोनची किंमत शून्य अशी जाहिरात. फोन लोकांच्या हातात पडायच्या वेळी अटी समोर आल्या: वर्षाला किमान दीड हजारांचं रिचार्ज केलंच पाहिजे, म्हणजे तीन वर्षांत साडेचार हजार. आमच्या गावात ज्यांना महिन्याला दीडशे रुपये जड नव्हते त्यांना तो फोन उत्तम पडला. ज्यांचं रिचार्ज अधूनमधून व्हायचं, त्यांनाच ती अट आडवी आली. आणि जाहिरात त्यांच्यासाठीच होती.

पोरी, वडिलांचं ऐक.

हडसनकाठी

अमेरिकेत हेच वेगळ्या कपड्यात आहे. इथे २०१३ मध्ये टी-मोबाइलनं दोन वर्षांचे करार बंद केले, बाकीच्यांनीही मागोमाग केले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता काय आहे? "नवा फोन मोफत." प्रत्यक्षात ८२८ डॉलरचा फोन तुमच्या नावावर ३६ महिन्यांच्या हप्त्यांनी चढतो, महिन्याला २३. आणि दर महिन्याच्या बिलात २३ डॉलरची सूट मिळते. १४ महिन्यांनी दुसरीकडे गेलात की सूट थांबते आणि उरलेले २२ हप्ते, ५०६ डॉलर, एकदम देणं लागता. कागदावर करार कुठेच नाही, माणूस मात्र तीन वर्षं जागचा हलत नाही.

त्यातही जुना फोन द्यावा लागतो. हा आपल्या बोहारणीचा व्यवहार. पण बोहारीण साड्या घेतल्या घेतल्या भांडं हातात ठेवते, इथे भांड्याचे ३६ तुकडे करून महिन्याला एक देतात. शिवाय ही सूट बहुतेक वेळा महागड्या अमर्याद प्लॅनवरच असते. चौघांच्या कुटुंबाचा प्लॅन एका फोनसाठी वर चढवला तर वर्षभरात फोनच्या किमतीइतका जास्तीचा खर्च होऊन जातो. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हेच चालू आहे आणि सगळे "फोन फुकट मिळाला" म्हणून सांगतात.

म्युनिककर

जर्मनीत पूर्वी याहून वाईट होतं. दोन वर्षं संपायच्या तीन महिने आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढायचा. डिसेंबर २०२१ पासून कायदा बदलला, आता मूळ मुदत संपली की महिन्याच्या सूचनेवर सुटता येतं. नव्यानं येणाऱ्यांनी तरी तारीख लिहून ठेवावीच.

शुभामावशी

म्युनिककरांनी मुदतीचा विषय काढला ते बरं झालं. इंग्लंडमधला सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे आणि धाग्यात अजून त्याबद्दल कुणी बोललं नाही.

२४ महिने संपले म्हणजे फोनचे पैसे फिटले. मग बिल उतरायला नको का? नाही उतरत. जिथे फोन आणि सिम यांचं एकच भाडं असतं तिथे पंचविसाव्या महिन्यालाही तीच किंवा जवळजवळ तेवढीच रक्कम खात्यातून जाऊ शकते, आपण काही केलं नाही तर वर्षानुवर्षं. २०१७ मध्ये लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेनं हे उजेडात आणलं. तीन मोठी नेटवर्क करार संपल्यावरही फिटलेल्या फोनचे पैसे घेत होती, सरासरी महिन्याला २२ पौंड, महागड्या फोनांवर ३८ पर्यंत. आणि सगळ्यात जास्त काळ भरत राहणारे कोण? पासष्टीच्या पुढचे.

मला याची चीड आहे, कारण हे मी माझ्या डोळ्यांनी बघते. मंडळाच्या कार्यक्रमांत ज्येष्ठ मंडळी भेटतात. मुलानं केव्हातरी करार करून दिलेला असतो, सोबत काहीतरी भेट मिळालेली असते. मुलगा आता दुसऱ्या गावी. फोन जुना झालाय, बिल मात्र पहिल्या दिवसाचंच, उलट दर एप्रिलला वाढलेलं. मागे एक काका भेटले, महिन्याला ४४ पौंड भरत होते आणि घरचं वायफाय सोडलं तर इंटरनेट वापरतच नव्हते. सोबत मिळालेलं मनगटी घड्याळ कपाटात, खोक्यातच पडलेलं. मी तिथेच बसून त्यांचं बिल उघडलं आणि ८ पौंडांच्या सिमवर आणलं. त्यांना वाटत होतं की नंबर जाईल, म्हणून ते गप्प भरत होते. आपली माणसं बँकेत चार आण्यांसाठी भांडतील, पण फोनचं बिल उघडून बघणार नाहीत.

फेब्रुवारी २०२० पासून मुदत संपायच्या आधी कंपनीला कळवावं लागतं, तुमचा करार अमुक तारखेला संपतोय आणि आमचे सध्याचे चांगले दर हे आहेत. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. आपला करार कधी संपतो हे माहीतच नसेल तर आपल्या फोनवरून इन्फो (INFO) हा चार इंग्रजी अक्षरांचा शब्द लिहून ८५०७५ ला पाठवा. आत्ता सोडलं तर किती भरावं लागेल ते उत्तरात येतं. शून्य आलं तर समजा की तुम्ही मोकळे आहात. या दिवाळीला आईवडिलांना, सासूसासऱ्यांना एवढं करून द्या.

त्रिज्या

मावशी, आत्ताच सासूबाईंच्या फोनवरून पाठवला. करार कधीच संपलाय. उद्या बदलते.

कोवळंऊन

सगळं दोनदा वाचलं. सातारकर अण्णा, तुमचा प्रतिसाद बाबांना पाठवला, त्यांनी तो चुलत्यांनाही वाचून दाखवला.

आता एक वेगळी शंका. माझी एमएससी एक वर्षाची आहे. नंतर ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षण झाल्यावर इथे राहून काम करू देणारा) घेईन असा विचार आहे, पण नक्की नाही. घरी आजीची तब्येत बरी नसते, कोर्स झाल्यावर परतही जावं लागेल. मग करार अर्धा राहिला तर? घरातली एकजण म्हणाली, सरळ डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारं बिल, बंद करून विमानात बसायचं, तिकडे कोण येतंय विचारायला.

हाउन्स्लोकर

हा प्रश्न तू पहिल्या दिवशी विचारला असतास तरी माझं उत्तर तिथेच संपलं असतं. वर्षाच्या कोर्सला दोन वर्षांचा करार घेऊ नये. मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांचं जवळजवळ सगळं भाडं एकरकमी मागतात. वर्षभरानं निघालीस तर तुझ्या करारावर पाचशेच्या वर जाईल.

डेबिट बंद करून पळून जाण्याचा सल्ला देणारीला माझा हा प्रतिसाद दाखव. न भरलेलं देणं क्रेडिटच्या नोंदीत सहा वर्षं राहतं. आज तिला परत यायचं नसेल. चार वर्षांनी नोकरी घेऊन लंडनला आली की कर्ज किंवा नवा करार घेताना तीच नोंद समोरच्याच्या पडद्यावर उघडेल. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना हे तेव्हा कळतं.

उलट क्रेडिटची नोंद आत्तापासून चांगली करायला घे. आपण राष्ट्रकुलातले म्हणून इथे व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मतदार यादीत नाव घालता येतं, हे बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतं. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. कर्ज देणारे नाव-पत्ता त्या यादीवरून पडताळतात.

वाई_ते_वॉटफर्ड

आणखी एक, बाकीच्या वाचकांसाठी. करार घ्यायचाच असेल तर दुकानात सही करण्यापेक्षा तोच ऑनलाइन किंवा फोनवरून घ्या. तिथे १४ दिवसांत कारण न सांगता रद्द करण्याचा हक्क कायद्यानं मिळतो. दुकानात समोरासमोर घेतला तर तो हक्क नसतो, दुकानाची मर्जी. टॅबलेटचा अर्ज १५ व्या दिवशी का उघडतो, हेही त्यातून लक्षात येईल.

आणि भेट त्या दुकानाकडून मिळणार असेल तर ते दुकान टिकणार का हाही विचार करा. फोन्स फोर यू हे इथलं मोठं नाव, पाचशेहून जास्त दुकानं. सप्टेंबर २०१४ मध्ये एका आठवड्यात शटर पडली, कारण शेवटच्या मोठ्या नेटवर्कनंही त्यांच्यामार्फत विकणं थांबवलं. २०२० मध्ये कारफोन वेअरहाउसनं आपली स्वतंत्र ५३१ दुकानं बंद केली. लोक आता फोन वेगळा आणि सिम वेगळं घेऊ लागलेत, त्या फळीवरच्या टीव्हीचा काळ गेला. म्हणून आता भेट द्यायला फोन बनवणारी कंपनी पुढे आली आहे आणि दुकान नुसतं पाटी लावतं.

दीपस्तंभ

परत जायची शक्यता आहे म्हटल्यावर माझाही सल्ला बदलला. माझा मुद्दा चार-पाच वर्षं एका जागी राहणाऱ्या कुटुंबापुरता धरावा.

कोवळंऊन

ठरलं. करार घेत नाही. एका दुकानात मागच्या वर्षीचा, तपासून दुरुस्त केलेला फोन २८५ पौंडांना मिळतोय, वर्षाची हमी आहे. सिम महिन्याच्या बोलीवर. टॅबलेट तसाच वापरलेला, विद्यापीठाच्या ग्रुपवर एक सीनियर १०० ला विकतेय, उद्या बघायला जाते.

फक्त सध्या विमानतळावर मिळालेलं सिम वापरते आहे आणि तोच नंबर बँकेत, विद्यापीठात, डॉक्टरकडे दिला आहे. तो राहील का? आणि भारतातल्या बँकेच्या ओटीपीसाठी सांगलीचं सिमही चालू ठेवायचं आहे.

हाउन्स्लोकर

राहील. सध्याच्या सिमवरून पॅक हा शब्द इंग्रजीत, पी ए सी, लिहून ६५०७५ ला पाठव. लगेच एक कोड येईल, तो ३० दिवस चालतो. नव्या सिमवाल्यांना तो कोड दे, कामाच्या एका दिवसात नंबर तिकडे येतो. जुनं सिम स्वतः बंद करायला जाऊ नकोस, नाहीतर नंबर जाईल. कोड दिला की ते आपोआप बंद होतं.

सांगलीच्या सिमसाठी फोन घेताना दोन सिमची सोय आहे का ते बघ, एक प्रत्यक्ष सिम आणि एक ई-सिम असलं तरी चालेल. भारतातल्या सिमवर रोमिंग चालू ठेव, डेटा मात्र त्या सिमवरून बंद कर, आणि रिचार्जची मुदत संपू देऊ नको. टॅबलेट बघायला जाशील तेव्हा चार्जर लावून दहा मिनिटं चालवून बघ, आणि आधीच्या मालकिणीला तिच्या खात्यातून तुझ्यासमोरच बाहेर पडायला सांग.